गाडीच्या तोंडावरची पाटी

...आणि वर परत मलाच विचारतात, तुम्ही तर रोज बघताय, गाडी तापते कशानं? अहो, कशानं तापते ते डोळे मिटून कळेल, गाडीच्या तोंडाला नुसता हात लावला तरी कळेल! पण सांगायचं कुणी?

तुम्हाला सांगतो, नसरापूर ते वेल्हे या रस्त्याला गाड्या काय कमी तापतात? टेम्पो तापतात, ट्रॅक्टर तापतात, एसटी तर चढ नुसता लांबून दिसला की तापायला लागते. पण आमच्या मार्गासनीच्या सोमनाथची गाडी जशी तापली तशी या पंचक्रोशीत कुणाची तापली नसेल, आणि ती गार करायला जेवढी माणसं धावली तेवढी एखाद्याचं लग्न जमवायलासुद्धा धावत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, माणसं धावली हे चांगलंच की! तेच तर... माणसं धावली म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला, पण ते पुढं.

सोमनाथ शिरवळला कारखान्यात लेथ मशीनवर असतो. माणूस सरळ, कामाला पक्का, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. पण निर्व्यसनी माणसाचं कधीच खरं नसतं बघा, ते सगळं साठून एकदम कुठंतरी बाहेर पडतं. याचं गाडीत पडलं. आणि साधी गाडी नाही, किट कार! किट कार म्हणजे काय, तर कंपनी तुम्हाला गाडी देत नाही, गाडीचे तुकडे देते. लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, चार पेट्या नटबोल्ट आणि एक जाडजूड पुस्तक. जोडा तुमचं तुम्ही! इंजिन तर पेटीत नसतंच, ते यानं एका जुन्या व्हॅनचं काढून आणलं. नूतननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदाच विचारलं की तयार गाड्या मिळत असताना हे तुकडे कशाला? हा म्हणाला, तयार गाडीत आपलं काय? त्यावर तिनं काही विचारलं नाही. शहाणी आहे.

आता तुकडे जोडायला जागा पाहिजे. घरात तर गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत कांदा पसरलेला. मग सासरे मदतीला आले. सासरे म्हणजे सारोळ्याचे आनंदराव, मंडप डेकोरेटर्स. हायवेजवळ त्यांचं मोठं गोदाम आहे, त्यातल्या पडद्यांच्या आणि खुर्च्यांच्या ढिगात त्यांनी जावयाला कोपरा दिला. सोमनाथ रोज ड्युटी सुटली की नीरेचा पूल ओलांडून तिकडं जायचा, आणि होता होता गाडी उभी राहिली. लाल, बुटकी, उघडी, दोन माणसांची. खरंच देखणी हो! आनंदरावांनी ती बघितली आणि त्यांच्यातला मंडपवाला जागा झाला. म्हणाले, नवरा-नवरी काय शोभून दिसतील हिच्यात! सोमनाथनं घाईनं गाडीवर पडदा ओढला. त्यानं ही गाडी ट्रॅकवर पळवायला बांधलेली, वरातीत बेंजोच्या मागं रांगवायला नाही.

शेवटी तडजोड झाली. विंझरच्या पुढं माळावर पुण्याच्या हौशी लोकांनी वळणावळणाचा एक डांबरी ट्रॅक केलाय, रविवारी तिथं गाड्या पळवतात. आनंदराव म्हणाले, तुळशीच्या लग्नाच्या आत तिथं दहा फेऱ्या न थांबता मारून दाखवा, गाडी तुमची. नाहीतर लग्नसराईला गाडी माझी, वरातीला. गोदाम त्यांचं, मुलगी त्यांची, जावई काय बोलणार? हो म्हणाला.

आणि गाडी गोदामातून बाहेर काढली त्या दिवशी आनंदरावांनी नारळ फोडला आणि गाडीच्या तोंडावर, जाळीच्या बरोबर मधोमध, एक पाटी लावली. पिवळी, पत्र्याची, लाल अक्षरं. ‘आनंदराव मंडप डेकोरेटर्स, सारोळे, यांच्या आशीर्वादाने’. मोठी नव्हती, जेवणाच्या ताटाएवढी. पण गाडीची पुढची जाळी म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगतो, ते गाडीचं नाक असतं. तिथून वारा आत जातो, रेडिएटरला लागतो, पाणी निवतं, इंजिन गार राहतं. आता तुमच्या नाकावर ताट बांधून कुणी म्हणालं पळा, तर किती पळाल? सोमनाथच्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही, कारण रस्त्यावर गाडी गारच चालायची. आणि आलं असतं तरी... सासऱ्याच्या आशीर्वादानं वारा अडतोय, हे सांगायचं कुणी?

पहिल्या रविवारी ट्रॅकवर दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसरीला इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. निम्म्यावरून पाऊण, पाऊणवरून तांबड्यात, आणि मग भस्सकन वाफ! गाडी ट्रॅकच्या कडेला, सोमनाथ बॉनेटपाशी, आणि सगळा माळ गाडीभोवती. आपल्याकडं गाडी बंद पडली की माणसं कुठून उगवतात कळत नाही. विंझरचे आले, मार्गासनीचे आले, म्हशी राखणारे म्हशी सोडून आले. त्यात सोमनाथचे चुलते गेनबा तात्या. त्यांनी आत वाकून बघितलं आणि निकाल दिला, रेडिएटर बारका आहे. मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा रेडिएटर त्यांच्या परसात पडला होता, तो त्यांनी दिला. मोठ्या मनानं दिला, पैसे घेतले नाहीत. सोमनाथनं कापून, वेल्डिंग करून, रात्रंदिवस खपून तो बसवला. मग तात्या गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, मला काय नाव नको बाबा, पण व्याह्यांचं लिहिलंय म्हणून आपलं म्हणतो.

नाव लिहिलं. जुन्या पाटीवर जागा नव्हती, म्हणून पाटी नवी केली. थोडी मोठी. ‘रेडिएटर सौजन्य : गेनबा तात्या’.

पुढच्या रविवारी गाडी दुसऱ्याच फेरीला तापली! रेडिएटर मोठा, आणि गाडी लवकर तापतेय. सोमनाथनं डोकं धरलं. मग आले हनुमंतराव, ग्रामपंचायत सदस्य. म्हणाले, पंखा कमजोर आहे, विकास पाहिजे तर वारा पाहिजे. त्यांनी दोन पंखे आणून दिले, आणि पंख्यांबरोबर स्वतःचा मजकूरही आणून दिला. तो मजकूर काय होता! मा. सदस्य, कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, माजी अध्यक्ष अमुक, विद्यमान उपाध्यक्ष तमुक... पंखे तळहाताएवढे आणि पदं पोतंभर. पाटी आणखी मोठी झाली. आता जाळीचा फक्त वरचा काठ दिसत होता, तोही उन्हात नीट बघितलं तर.

मग गाडी पहिल्याच फेरीला तापली.

त्यावर सगळ्यांचं म्हणणं पडलं की साध्या पाण्यानं भागणार नाही, कूलंट पाहिजे. ते मी दिलं. आता ‘माझं नाव लिहा’ असं मी म्हणालो नाही हं, देवाशपथ नाही. मी फक्त पेंटरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं विचारलं, काना आहे का मात्रा, एवढंच सांगितलं. आणि खाली, कोपऱ्यात, अगदी बारीक... म्हणजे हनुमंतरावांच्या मानानं बारीक. पण ते सोडा.

मग राहिल्या सोमनाथच्या आत्या, फुलाबाई. त्यांनी गाडीला काही दिलं नव्हतं, पण देवीला नवस बोलल्या होत्या. म्हणाल्या, तुमी सामान दिलं, म्या देवी घातली मदी, मोटं कोण? पाटी परत पेंटरकडं गेली. आणि पेंटर निघून गेला भोरला, शाळेची भिंत रंगवायला. रविवार आला तरी पाटी नाही. तुळशीचं लग्न पंधरवड्यावर. सोमनाथचा जीव टांगणीला. म्हणाला, सरावाला तरी जातो. एकटाच गेला.

आणि काय सांगू तुम्हाला! पहिली फेरी, काटा निम्म्यावर. दुसरी, निम्म्यावर. पाचवी, सहावी, काटा हलेना! त्याला वाटलं काटाच बिघडला. थांबला, उतरला, बॉनेट उघडलं, सगळं ठणठणीत. मग तो गाडीच्या पुढं उकिडवा बसला आणि जाळीला हात लावला. मोकळी जाळी. बोटं सरळ आत गेली. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं हो, आनंदानं. रोग कळला होता, पण सांगायचं कुणी?

तरी त्यानं हिंमत केली. सगळ्यांना घरी चहाला बोलावलं. म्हणाला, गाडी तापायची थांबली. झालं! पुढचं कुणी ऐकलंच नाही. तात्या म्हणाले, रेडिएटर कुणाचा? हनुमंतरावांनी पंख्याच्या कार्याचा आढावा घेतला. आत्यांनी जागेवरूनच देवीला हात जोडले. मीही म्हणालो, कूलंटला मुरायला वेळ लागतोच. सोमनाथ बिचारा दोनदा खाकरला. शेवटी एका दमात बोलून टाकलं की पाटी नव्हती म्हणून वारा लागला, तर पाटी जरा मागच्या बाजूला लावू.

सगळ्यांच्या बश्या तशाच हातात. तात्यांनी चहा खाली ठेवला आणि विचारलं, म्हणजे आम्ही मागं? हनुमंतराव म्हणाले, यात राजकारण आहे. आनंदरावांनी टोपी उचलून मांडीवर घेतली. सासऱ्यानं टोपी काढली की समजायचं, आता प्रकरण हाताबाहेर गेलं.

आणि तेव्हा नूतन स्वयंपाकघरातून बाहेर आली. रिकाम्या कपबश्या गोळा करता करता म्हणाली, "आबा, मला एक सांगा. आपली गाडी सगळ्यांच्या म्होरं पळणार का मागं?"

आनंदराव म्हणाले, म्होरंच की.

"मग मागल्या गाड्यांना आपलं काय दिसणार, तोंड का पाठ? म्होरची पाटी वाचायला म्होरं कोण असणार?"

सगळ्यांनी मान हलवली, हळूहळू, एकमेकांकडं बघत. पटलं! मागं म्हणजे खरं पुढं, असं ठरलं. आनंदरावांनी टोपी परत घातली. आत्या म्हणाल्या, पोरगी माज्या वळणावर गेली, तर ती त्यांच्या रक्ताच्या नात्यात कुठूनच लागत नाही.

पाटी मागं बसली. गाडीच्या पाठीवर उभी, एवढी मोठी की लांबून वाटावं सोमनाथ दार घेऊन चाललाय. आणि तो शेवटचा रविवार! सगळे हजर, आम्ही पाटीवरचे सगळे ट्रॅकच्या वळणांवर एकेक वाटून उभे. पुण्याच्या गाड्या होत्या, भारी भारी. सोमनाथनं सुरू केली आणि निघाला. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसरीला मी वाकून जाळीकडं बघितलं, पण वाफ नाही, धूर नाही, गाडी आपली सुसाट! सातवीला नूतननं पदर दातात धरला. आठवी, नववी... दहावी! न थांबता! काटा निम्म्यावर! सोमनाथ उतरला, त्यानं गाडीच्या तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि तसाच उभा राहिला. हसत होता का रडत होता कळेना. इतक्या दिवसांची त्याची मेहनत, आणि गाडी त्याची झाली होती. वरात टळली होती. पुण्याच्या एकानं येऊन हात मिळवला. मलासुद्धा भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मी वळून बघतो तर बाकीचे कुणी जवळ आलेलेच नाहीत! लांब बाभळीखाली उभे, तोंडं पाडून, जणू गाडी जळून गेलीय. मी गेलो. विचारलं, काय झालं? तात्या म्हणाले, कुणी वाचली का रे पाटी? हनुमंतराव म्हणाले, मी अवघड वळणावर उभा होतो, मलाच माझं पद वाचता आलं नाही, नुसती पिवळी रेघ गेली. आत्यांनी चार परक्या माणसांना विचारून बघितलं होतं, फुलाबाई कोण ठाऊक आहे का. कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमनाथ हसत हसत आला, सासऱ्यांच्या पाया पडला. आनंदरावांनी त्याला उठवलं, खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, गाडी तुमची. शब्द म्हंजी शब्द. पर पाटी पुन्यांदा म्होरं घ्या."

सोमनाथ म्हणाला, मामा, मग ती तापेल.

"तापू द्या की. पळत्या गाडीवरलं नाव कोण वाचतंय? तापून हुबी ऱ्हायली म्हंजी मानसं जमत्यात, आन् जमली म्हंजी निवांत, वरपासून खालपतूर वाचत्यात."

सोमनाथनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग पाना काढला आणि पाटी सोडवायला बसला. मी बोललो असतो हो, अगदी जिभेवर आलं होतं... पण म्हातारा खोटं कुठं बोलत होता? दहा फेऱ्या झाल्या, अख्खा माळ भरलेला, आणि मला तरी एक माणूस येऊन म्हणाला का, कूलंट तुमचं का म्हणून?