कोरा चेंडू

क्रिकेटचं नाव काढू नका माझ्यासमोर! तिकडं जगात मोठी लढाई चालू होती, इकडं सगळंच महागलं होतं. दोन रुपयांच्या चेंडूला सांगलीचा दुकानदार आठ मागायला लागला. आमचे फलंदाज म्हणाले, “गोलंदाज तू, चेंडू तूच आण.” मी पायातले बूट विकले आणि आणला.

सातारकरांशी सामना. कप्तानानं माझ्या हातात जुनाच, शिवण उसवलेला चेंडू ठेवला.

“आरं, नवा कुठाय?”

“माझ्या खिशात हाय. पलीकडं नदी हाय. एवढा महागाचा चेंडू पाण्यात घालवू व्हय?”

अनवाणी धावून धावून माझे पाय सोलले, आणि एका सातारकरानं मला दिवसभर धोपटलं. आमी हरलो. तवा कप्तानानं खिशातला कोरा चेंडू काढला आणि त्या सातारकरालाच बक्षीस दिला. वर मला म्हणतो, “टाळ्या वाजव की रं!”