पगार उतरवून मिळावा

साहेब : उस्ताद, पुन्हा एकदा सांगा. सावकाश. मला वाटतं मी उलटं ऐकलं.

उस्ताद : उलटं नाही, साहेब. माझा पगार उतरवा. पॅकिंगच्या बायकांना जेवढा आहे तेवढाच करा. वर एक पैसा नको.

साहेब : मी पगार विभागात बसायला लागल्यापासून ही समोरची खुर्ची फक्त ‘वाढवा’ हा एकच शब्द ऐकत आलीय. तुमचं ऐकून तिचा पाय मोडेल. तब्येत बरी आहे ना?

उस्ताद : डोळे सोडले तर ठणठणीत.

साहेब : अहो, डोळ्यांमुळेच तर हे सगळं झालं. काचेच्या भट्टीपुढे जन्म गेला तुमचा. त्या लालभडक गोळ्याकडे बघून बघून डोळ्यांचा पडदा भाजला. डॉक्टर म्हणाले, आता भट्टी बंद, नाहीतर उरलासुरला उजेडही जाईल. म्हणून कंपनीनं तुम्हाला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं.

उस्ताद : बसवलं नाही, उभं केलं. तिथे खुर्ची नसते.

साहेब : तेच ते. काम दोन पायऱ्या खालचं आणि पगार भट्टीचा. इतकी वर्षं सेवा झालेल्या माणसाला कंपनीनं स्वतःहून खाली आणलं, तर माणूस खाली येतो, पगार वरच राहतो. याला संरक्षित वेतन म्हणतात. याच्यासाठी तुमच्याच युनियननं संप केला होता. घोषणा देण्यात तुमचा आवाज सगळ्यात मोठा होता, मला आठवतंय.

उस्ताद : घसा बसला होता. तेव्हा कुठे माहीत होतं हे संरक्षण माझ्याच अंगावर येईल. आता मला टेबलावर कुणी उस्ताद म्हणत नाही, साहेब. संरक्षित म्हणतात. ‘संरक्षितांना आधी चहा द्या.’ ‘संरक्षितांना हात लावू नका, दंड होईल.’ परवा एकीनं माझ्याभोवती सुतळी बांधली, पडक्या किल्ल्याभोवती बांधतात तशी.

साहेब : चेष्टा हो. चार दिवस करतील आणि विसरतील.

उस्ताद : बाकीच्यांचं मी मनावर घेत नाही. पण माझी बायको त्याच टेबलावर आहे.

साहेब : अरे हो. त्या पॅकिंगला आहेत नाही का. कधीपासून?

उस्ताद : लग्नाच्या आधीपासून. मी बाटली फुगवायची, तिनं गुंडाळायची, असंच तर जमलं आमचं. आता दोघं एकाच टेबलाला, एकच काम. ती दोन खोकी भरते तेव्हा माझं एक भरतं, त्यातही एखादी बाटली फुटलेली. आणि पगार मला तिच्या दुप्पट.

साहेब : पण पैसा एकाच घरात येतोय की.

उस्ताद : तेच मी तिला म्हटलं. तुझं माझं काय, म्हटलं. ऐकून घेतलं तिनं. दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि भावाकडे निघून गेली. महिना झाला. टेबलाला समोर उभी असते, हाताच्या अंतरावर, पण माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर शेजारणीला सांगते, ‘त्यांना म्हणावं, बाटली गळ्याकडून धरू नका.’ शेजारीण मान वळवून मला सांगते, ‘बाटली गळ्याकडून धरू नका.’ घरी गेलो की भिंती. परवा मी नळाशी बोललो. तो तरी गळत होता, म्हणजे उत्तर देत होता.

साहेब : मला वाईट वाटतं, उस्ताद. पण पगार उतरवायची सोय नियमात नाही. संरक्षण सुटायच्या दोनच वाटा आहेत. पहिली, शिस्तभंगाची कारवाई.

उस्ताद : ती करून बघितली. मुद्दाम बाटल्या फोडल्या. मुकादम बाई म्हणाल्या, तुमच्याकडून एवढ्या फुटणार हे आम्ही धरूनच चाललोय. मग एक दिवस तासभर उशिरा आलो. बघतो तर माझी हजेरी लागलेली.

साहेब : कुणी लावली?

उस्ताद : बायकोनं.

साहेब : दुसऱ्याची हजेरी लावणं हाच शिस्तभंग आहे. कारवाई करायची झाली तर त्यांच्यावर करावी लागेल. हे मी ऐकलं नाही.

उस्ताद : ऐकू नका. दुसरी वाट सांगा.

साहेब : दुसरी वाट म्हणजे तुम्ही भट्टीच्या कामाला पुन्हा लायक झालात असं ठरणं. मग तुम्ही तिकडे, त्या इकडे. पण ते होणं नाही.

उस्ताद : का होणं नाही? लिहा लायक.

साहेब : उस्ताद.

उस्ताद : डॉक्टरांशी मी बोलतो. एवढी वर्षं भट्टी ओळखतो मी. डोळे मिटूनही फुगवीन.

साहेब : माझ्या मागे भिंतीवर काय आहे?

उस्ताद : कॅलेंडर.

साहेब : ती खिडकी आहे.

उस्ताद : तेच म्हणतो मी, चौकोनी आहे. साहेब, हात जोडतो. माझे डोळे जायचे तेव्हा जातील. घरात दुसरं माणूस नसेल तर डोळे ठेवून बघायचं काय? लिहा लायक. आत्ता लिहा.

(दाराबाहेर ऐकत उभी असलेली उस्तादांची बायको दार ढकलून आत येते. अंगावर पॅकिंगचा एप्रन तसाच आहे. ती साहेबांकडे तोंड करून उभी राहते.)

बायको : साहेब, त्यांना म्हणावं, भट्टीपुढे आंधळं व्हायचं असेल तर तसं सांगा, म्हणजे मी काठी घेऊन ठेवते.

साहेब : उस्ताद, त्या म्हणताहेत—

उस्ताद : कान शाबूत आहेत माझे. तिला विचारा, पगार बरोबरीचा झाला तर परत येईल का.

साहेब : ताई, ते विचारताहेत—

बायको : त्यांना विचारा, पगाराबद्दल मी कधी अवाक्षर काढलंय? जास्तीचा पैसा नको म्हणायला मला वेड लागलंय का? घराचं भाडं त्याच पगारातून जातं. तो उतरवला तर दोघांनाही भावाकडे राहावं लागेल, आणि माझी वहिनी माझ्या एकटीच्याच चहाची साखर मोजायला लागलीय.

साहेब : मग राग कशाचा, ताई?

बायको : त्यांना विचारा, टेबलावर पहिल्या दिवशी आले तेव्हा काय म्हणाले.

उस्ताद : काय म्हणालो? काही नाही. हसवलं सगळ्यांना.

बायको : एकीनं यांना विचारलं, उस्ताद, जमेल का तुम्हाला? तर हे म्हणाले, न जमायला काय झालं, हलकं काम आहे.

साहेब : थांबा ताई. तो शब्द त्यांचा नाही. आमच्या हुकमात तसं लिहितात, ‘हलक्या कामावर बदली’. तो माझा शब्द आहे.

बायको : तुम्ही म्हणा की. तुम्ही आमच्या टेबलाला कधी उभे होतात? तुमचं मला काही लागत नाही. पण यांनी माझे पाय पाहिलेत. भट्टीजवळची गरम वीट फडक्यात गुंडाळून आणायचे हे, रोज, माझ्या पोटऱ्या शेकायला. स्वतःच्या हातानं शेकायचे. त्यांना ठाऊक होतं ना ते काम केवढं आहे? आणि त्याच तोंडानं सगळ्यांसमोर म्हणाले, हलकं. सगळ्या हसल्या, मीही हसले. फाटकाबाहेर येईपर्यंत हसतच होते.

उस्ताद : माझ्या मनात तसं नव्हतं.

बायको : त्यांना म्हणावं, मनात नव्हतं तर तोंडात आलं कुठून?

उस्ताद : साहेब, बघा, म्हणून म्हणतो, मला भट्टीवरच पाठवा. तिथे फुंकनळीला तोंड लावलेलं असायचं. बोलायची सोयच नव्हती, म्हणून संसार झाला.

साहेब : ताई, माझ्या हातात असतं तर तुमचाही दर वाढवला असता.

बायको : का नाही हातात? यांचं संरक्षण होतं, मग माझं का होत नाही? मीही जन्म घालवलाय इथेच.

साहेब : नियमात संरक्षण वरून खाली आणलेल्याला आहे. तुम्ही पहिल्यापासून खालीच आहात.

बायको : म्हणजे पडायलासुद्धा आधी उंची लागते.

साहेब : मी नियम सांगितला, ताई. बरोबर आहे असं नाही म्हणालो.

उस्ताद : तुम्ही दोघं बोलत बसा. मी चाललो डॉक्टरांकडे. त्यांच्या पाया पडतो, लायक लिहून आणतो—

बायको : अहो, खाली बसा.

उस्ताद : तू... माझ्याशी बोललीस?

बायको : बसा म्हटलं ना. खुर्ची डावीकडे आहे. आणखी डावीकडे.

उस्ताद : तुला एक सांगू? साहेबांसमोरच सांगतो, आता लपवून काय करू. मला ते काम होत नाही गं. दुपारपर्यंत कंबर धरते, मग गुडघे, मग कुठे काय दुखतंय ते कळतच नाही. भट्टीपुढे एवढी वर्षं काढली, पण असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं होतं पगार उतरवून घेतला की तुझी बरोबरी होईल. तशी ती व्हायची नाही. मी उद्या उभाच राहू शकणार नाही असं वाटतं. रोजच वाटतं.

बायको : एका पायावर भार देता तुम्ही. मी बघते रोज.

उस्ताद : मग सांगितलं का नाहीस?

बायको : विचारलंत का? खोकं संपलं की पाय बदलायचा. टेबलाच्या कडेला पोट टेकवायचं नाही. उद्या माझ्या शेजारी उभे राहा, दाखवते.

उस्ताद : आणि घरी?

बायको : आधी उभं राहायला शिका.