किसमिसचं ध्यान

नाही मॅडम, ध्यान शिकवायचं तर शिकवा, पण ही किसमिस मी जिभेवर ठेवणार नाही — काहून म्हणजे? डायलिसिसवरच्या माणसाला किसमिस चालत नाही, पोटॅशियम असतं, समोरच्या भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. आधी तो बोर्ड सजगपणे वाचा, मग आम्हाला सजग करा. आणि मंगळवारी काय केलं? डोळे मिटायला लावून भेडाघाटचा धबधबा दाखवला — पाणी कोसळतंय, तुषार अंगावर येताहेत — मॅडम, मला दिवसाला पाणी आहे तीन कप, गोळ्यांच्या घोटासकट! मन शांत झालं नाही, घसा तेवढा जागा झाला. नाही, बसा, बसा. तुमचं आडनाव मराठी म्हणून मराठीत भांडून राहिलो, बाकी दिवसभर हिंदीतच भांडतो. आणि मी उठून जाऊ शकत नाही, हात मशीनला जोडला आहे. असा श्रोता तुम्हाला अख्ख्या जबलपुरात मिळायचा नाही.

‘मनात आलेल्या विचाराकडे नुसतं पाहा.’ पाहतो की! चार तास दुसरं काय करतो? कोणता विचार — लिहा तुमच्या फॉर्मवर. बाहेर बाकावर माझी बायको बसली आहे, अनसूया. घरी तिला तहान लागली की शेजारी हेमलताबाईंकडे जाऊन पाणी पिते, मला दिसू नये म्हणून. आठ महिने झाले. तिला वाटतं मला कळत नाही. अच्छा, हे प्रेम आहे म्हणता? मला संताप येतो! माझ्या आईचं करण्यात हिची पाठ गेली, मदन महल वस्तीतल्या दोन खोल्यांत तीन पोरं वाढवताना झोप गेली, आणि आता म्हणते, माझी किडनी घ्या. स्वतः जाऊन तपासणी करून आली, एकटी, ऑटोनं! रिपोर्ट आणायला मी गेलो. — नाही, जुळते. चांगली जुळते. तिला सांगितलं, जुळत नाही. डॉक्टरांना सांगितलं, बाई घाबरली, नको म्हणते. तेहतीस वर्षं सरकारी ऑफिसात हेच तर केलं, या टेबलाचं त्या टेबलाला कळू दिलं नाही —

हे लिहू नका. खोडा. खोडा म्हणतो ना! मोठेपणा कसला त्यात? रोज सकाळी ती पूजेला बसली की पेन्शनच्या फायलीतून तो रिपोर्ट काढतो — आज सांगून टाकावं म्हणून. जगायचं मलाही आहे, मॅडम. काढतो, वाचतो, परत ठेवतो. घ्या, हे माझं ध्यान, रोजचं, न चुकता, तुमच्या किसमिसशिवाय —

चूप. दार उघडलं. तीच येऊन राहिली, डबा घेऊन. आधी ती किसमिस लपवा, तिनं पाहिली तर तुमची खैर नाही. आणि माझ्या तोंडाकडे बघत बसू नका, तिला लगेच कळतं. श्वास मोजा माझे, मोठ्यानं मोजा. हे बघा, मिटले डोळे.