धुरपाचं मैदान

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही थांबा. आज निरूपणाला लागायच्या आधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय, कारण गेलं वर्षभर माझं डोकं या एका गोष्टीनं पार गरगरलंय!

नाव कोणाचं असतं? ज्याला ठेवलं त्याचं? ठेवणाऱ्याचं? की ज्यानं पैसे मोजले त्याचं?

काय म्हणता आबा? ‘ज्याचं त्याचं’? वा! मग ऐका, आणि शेवटी हेच उत्तर परत देता येतंय का बघा!

सावखेडी नावाचं गाव. गावाबाहेर एक माळ. या माळावर पोरी खेळतात. काय खेळतात? लंगडी? खो-खो? नाही हो — बेसबॉल! हसू नका! शाळेत बदली होऊन एक क्रीडाशिक्षक आले, त्यांनी हे खूळ आणलं. मी स्वतः काठावर बसून पाहिलाय हा खेळ, अजून कळला नाही. एक पोरगी फेकते, दुसरी दांडक्यानं हाणते — आणि हाणलं की दांडकं टाकून पळत सुटते! का पळते? तर तीन जागा शिवायच्या आणि जिथून निघाली तिथंच परत यायचं! मी गुरुजींना म्हटलं, “अहो, परत तिथंच यायचं होतं तर गेली कशाला?” गुरुजी म्हणाले, “महाराज, माणूस जन्माला येऊन दुसरं काय करतो?” घ्या! कीर्तनकार मी की ते?

पण पोरी तयार झाल्या, बरं का! जिल्ह्याला जिंकल्या. त्यांची कप्तान समीक्षा, आठवीतली पोर, चेंडू असा भिरकावते की समोरच्याला फक्त वारा लागतो. आता या माळाचं नाव काय? ‘धुरपाचं मैदान’. तशी रंगवलेली पाटीसुद्धा. आणि धुरपा कोण? तर गावाला विचारा — देवी! धुरपामाय! कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड, सामन्याआधी नारळ, जिंकलं की खण! एकानं तर मुलगा पास व्हावा म्हणून नवस बोलला — आणि मुलगा पास झाला! आता बोला!

पण तुम्हाला म्हणून सांगतो — देवी-बिवी काही नव्हती हो! हा माळ होता सुशीलाकाकूंचा. नवरा गेल्यावर त्यांनी तो गावातल्या पोरांना खेळायला देऊन टाकला. तेव्हाच्या सरपंचांनी विचारलं, “काकू, पाटीवर काकांचं नाव ना?” काकू म्हणाल्या, “धुरपाचं लिहा.” धुरपा कोण, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. एवढी जमीन देतेय बाई, म्हणजे कुलदैवतच असणार! गावानं ठरवलं, शेंदूर लावला, मोकळं झालं!

आणि खरं काय? लग्नात काय करतात आपल्याकडे? ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नाव लिहितो — नवरीचं नवं नाव! काकूंच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “धुरपा? शी! हे काय नाव? आमच्या घरात शोभेल असं लिही.” लिहिलं — सुशीला. झालं! बापानं मांडीवर घेऊन ठेवलेलं नाव तांदळाबरोबर डब्यात गेलं. आई-बाप गेले, भाऊ गेला, त्या नावानं हाक मारणारं माणूसच उरलं नाही. मग रोज संध्याकाळी काकू ओट्यावर येऊन बसायच्या. का? तर रस्त्यानं पोरं ओरडत जायची — “चला रे, धुरपाकडे चला!” तेवढं ऐकायचं आणि आत जाऊन चूल पेटवायची. कोणाला काय ठाऊक! मलाही त्यांनी नंतर सांगितलं.

आता येते कंपनी! पाण्याच्या टाक्या बनवणारी. नाव घेत नाही — मला त्यांनी काही दिलेलं नाही, फुकट नाव कशाला घेऊ? कंपनीचे साहेब आले, इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं. म्हणाले, “पोरींना कपडे बदलायला खोली बांधतो, संडास बांधतो, भोवती कुंपण, वर दिवे. फक्त मैदानाला आमचं नाव द्यायचं.” अमुक-तमुक टाकी स्टेडियम!

मंडळी, हसण्यावारी नेऊ नका. पोरी कपडे कुठं बदलायच्या माहितीये? बाभळीआड! दोघींनी चादर धरायची, तिसरीनं बदलायचं. आयांनी सांगून टाकलं होतं — खोली झाली तर खेळ, नाहीतर पुरे झालं, घरी बस. तीन पोरी बसल्यासुद्धा. आणखी दोघी गेल्या असत्या तर संघच मोडला असता.

मी साहेबांना विचारलं, “हे नाव कायमचं का हो?” “नाही महाराज, तीन वर्षांचा करार. मग दुसरी कंपनी आली तर तिचं. अमेरिकेत बेसबॉलची मोठमोठी मैदानं अशीच चालतात.” मी म्हटलं, “मग तिकडं आजोबा एक नाव सांगणार, नातू म्हणणार असं मैदानच नाही!” साहेब म्हणाले, “तसं होतं कधीकधी.”

नामकरणाचा दिवस उजाडला. मांडव, हार, माझं कीर्तन. पाटीवर पडदा. आणि ऐन वेळी गाव उठलं! “देवीचं नाव काढायचं? कोप होईल! गुरं मरतील!” सरपंच दिनकरराव इकडून हात जोडतायत, तिकडून हात जोडतायत. साहेब घामाघूम. आणि दिनकररावांनी काय करावं? माईक आणून माझ्या हातात दिला! “महाराज, देवी काय म्हणते ते तुम्हीच सांगा!”

आता मी काय सांगू? माझी आणि त्या देवीची ओळख नाही! देवीचं राखावं तर पोरी बाभळीआड. पोरींचं बघावं तर माझ्याच तोंडानं सांगायचं की देवाचं नाव विकायला हरकत नाही? मी आपला माईक ठोकत राहिलो — ‘हॅलो, हॅलो’!

साहेबांनी पिशवी उचलली. म्हणाले, “राहू दे. दुसरं गाव बघतो.” समीक्षा पुढंच बसली होती. रडली नाही पोर — तिनं हातातला चेंडू झेलायचा तो मोठा चामडी पंजा काढला आणि शेजारणीच्या मांडीवर ठेवला. हे काकूंनी पाहिलं.

काकू उठल्या. लुगडं सावरलं. माझ्याकडं आल्या आणि माईक घेतला.

“दगड उचलून टाका तो. धुरपा देवी नाही. धुरपा मी आहे.”

कोणाला काही कळेना! त्यांचा मुलगा यशवंत, स्वतः नातवंडं असलेला माणूस, म्हणतो, “आई, काहीतरी काय? तुझं नाव सुशीला!”

“ते तुझ्या आजीनं ठेवलेलं. मला कुणी इचारलं नव्हतं.”

मागचा एक म्हातारा धाडकन पाया पडला — “आली! काकूंच्या अंगात धुरपामाय आली!” आता याला काय म्हणावं! काकू खेकसल्या, “ऊठ मेल्या! अंगात कुणी आलं नाही, मी आधीपास्नं आतच हाय!”

साहेब बिचारे गडबडले. “आजी, मग तुमचंच नाव राहू दे, मी वर विचारून बघतो —”

“वर कुणाला नको इचारू. लिही तुझं टाकीचं. पोरींची खोली बांध, आणि कडी आतून लागंल अशी बांध. मातीला माझं नाव मीच दिलं होतं, कारण मला अंगावर घ्यायची लाज वाटायची. आता माझं मला द्या. आजपास्नं मला सुशीला म्हणायचं नाही.”

आणि मग ती समीक्षा, बारकी पोर, खच्चून ओरडली — “धुरपाआजीऽऽ!”

आणि काकूंनी... मंडळी, काकूंनी ‘ओ’ दिली. अशी ‘ओ’ दिली, जशी परकरातली पोरगी अंगणातून आईला देते! यशवंत ढसाढसा रडला. मी रडलो. टाकीवाले साहेबही रुमाल शोधत होते.

खोली झाली. दिवे लागले. पाटीवर टाकी आहे. दगडाला अजून नारळ फुटतात, ते काही गाव सोडत नाही! आणि धुरपाबाई रोज काठावर बसतात. पोरी जाता-येता हाक मारतात.

मग हरलं कोण, जिंकलं कोण? नाव विकलं गेलं की सुटलं? मला विचारू नका, माझा गोंधळ आहे तसाच आहे!

पण तुम्हाला विचारतो. तासभर झाला देवाचं नाव घेताय, हजार नावं तोंडपाठ आहेत तुम्हाला. बाप्यांनो, आईचं माहेरचं नाव — तिच्या बापानं ठेवलेलं — ज्याला माहीत आहे त्यानं हात वर करा. ...एवढेच? अहो आबा, तुमचाही खालीच? आणि बायकोचं? जे स्वतःच्या अंगठीनं पुसलंत ते?

बायकांच्या बाजूला कोण हसलं? तुम्ही, हिरव्या लुगड्याच्या माउली? उठा. तुमचं काय होतं हो? ...ऐकू नाही आलं. पेटीवाले, सूर बंद! हं, बोला माय... ‘बकुळा’!

ऐकलंत? बकुळा! आणि तुमच्या शेजारच्या? सांगा की. अहो, पदर कशाला घेता तोंडावर? तुमचंच तर आहे!