राखीव पोरीचा गुलाल

कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक नवरा-बायको बाकावर भांडत होते. शेजारी बसलेल्या चिमणाबाईला दुसऱ्याच्या भांडणात कान बंद करायची सवय नव्हती.

"ती गुलालाची पिशवी आत ठेव."

"का? पोरगी परदेशातनं बुद्धिबळाचं पदक घिऊन येतीया!"

"पदक संघाचं. आपली संयोगिता राखीव. एक डाव तरी खेळली का?"

"रोज सकाळी संघातल्या त्या चौघींस्नी सरावाला कोण बसत हुतं?"

"सराव म्हंजे लढत न्हवं."

"हे तुम्ही बोलतासा? उभी जवानी तालमीत मोठ्या पैलवानाला सरावासाठी अंगावर घेतलासा. मैदानात तुम्हाला कुणी कधी उतरवलं?"

"म्हणूनच सांगतोय. गुलाल बघितला की लोक इचारत्यात, तू किती कुस्त्या मारल्यास? मग तोंड कुठं लपवायचं, मला ठावं हाय. पोरीला त्ये नगं."

"त्याच पैलवानानं गदा जिंकली, तवा पहिला गुलाल त्यानं कुणाला लावला?"

"जुनं काढू नगंस."

"कुणाला?"

"मला."

"मग तोंड लपवलासा?"

"न्हाय."

"काय केलासा?"

"...रडलो की."

गाडी फलाटाला लागली. चिमणाबाईला आता राहवेना.

"पावणं, लेक उतरंल. पिशवी सोडा."

"हिनं गाठ लई आवळलीया, मावशी."

"मग फोडा की!"

त्यानं पिशवी दातांनीच फाडली. पोरगी डब्यातनं उतरायच्या आधीच त्याचं तोंड गुलालानं लाल झालं होतं.