हलू नका!

पदर! तिथंच घोडं अडलं बघा... मोबाईलमध्ये सगळे नीट दिसतायत, आणि मधल्या खुर्चीत इरम्मा मावशींनी तोंडाला पदर लावलेला! इरम्मा मावशी म्हणजे माझ्या शिवरंजनी वहिनीची आई, कर्नाटकातल्या आळंदची. दादा-वहिनीनं मनानं लग्न केलं, म्हणून ढोकीला आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता बाईंनी. आज आल्या, पहिल्यांदाच! आणि वहिनीनं सकाळीच माझा हात धरलेला, "वन्सं, अव्वासोबत सगळ्यांचा एक फोटो काढा. परत येईल न येईल ती..." आता सांगा, हा फोटो बिघडून चालेल का?

बरं, तुम्हाला सांगते, फोटो चांगला कसा काढायचा ते मी व्हिडिओ बघून बघून पाठ केलेलं! उजेड तोंडावर, उंच माणसं मागं, खांद्याला खांदा... पण ऐकतंय कोण? उन्हात बसवलं तर अण्णा म्हणतात, "डोळे मिटतेत की गं!" सावलीत नेलं तर, "अंधार हाय की गं!" दादाचं केस बसवणं सरंना. आई मधेच उठून, "कुकर!" आणि ती शिटी झाली तशी मी एवढी दचकले, एवढी दचकले, की माझ्याच पायाचा फोटो निघाला! तेवढा एकच स्पष्ट आलाय.

म्हणून ओरडले, "हलू नका!" परत कुणीतरी हललं. "हलू नका! अहो, आता तरी हलू नका!" तर इरम्मा मावशी ताडकन उठल्या, पदर तसाच तोंडाला, आणि घरामागं निघून गेल्या!

वहिनीचा चेहरा पांढराफटक. "वन्सं, काय बोललात हो! आमच्या कन्नडात हल्लु म्हणजे दात, नक्का म्हणजे हसला! अव्वाला वाटलं, तुम्ही तिच्या दातांना हसलात!"

मी? अहो, मी आरशातसुद्धा जपून हसते!

पण झालं! आई म्हणते, "रुसल्या! विहीणबाई रुसल्या!" अण्णा दादावर, "कृष्णराज, गाडी काढ! एसटीत बसल्या तर संपलं!" दादा फाट्याकडं सुसाट, अण्णा मागनं अनवाणी, वहिनीचं काजळ गालावर, ती रडत रस्त्याला, तिच्यामागं आई... आणि मी घराभोवती चकरा मारत, "मावशी! ओ मावशी! मी नुसतं हलू न..." जीभच चावली!

शेवटी न्हाणीचं दार वाजवलं. "मावशीऽऽ!"

आतनं आवाज आला, "बंदे, बंदे! आले गं! दात टोचत होतं म्हणून काढलं होतं, आता बसवते. तूच बोलली ना सारखं सारखं... दात, हसा! दात, हसा! सगळे बसलेत ना तसेच?"

मी अंगणाकडं बघितलं.

"व्हय मावशी," म्हटलं, "खुर्च्या बसल्यात. एक पण हलली न्हाय."