पोरीनं माईक मागितला तवा

आमी मूळचे वाघोलीचेच. म्हंजी आत्ताच्या वाघोलीचे न्हाई बरं का ताई, ही जी समोर उंच बिल्डिंग दिसतीया ना, तिथं आमच्या चुलत्याची ज्वारी व्हती, आन पलीकडं जिथं मॉल झालाय तिथं कांदा निघायचा, लाल कांदा. आमचं चार भावांचं घर, वाटण्या व्हत व्हत जमीन इतकी झाली की तिच्यात धड पेरता बी येईना, मग बिल्डर आले, समद्यांनी इकली तशी आमी बी इकली, पैसं आले तसं गेले, त्याचं काय सांगत बसू. मी शाळा नववीला सोडली आन ट्रॅक्टरवर बसलो. पाय ब्रेकला पुरत नव्हता तवापास्नं चालवतोय मी. गाडी हातात आली की मला बाकी काय लागत न्हाई, अजूनबी न्हाई.

मग पुढं वाघोली वाढली. वाढली म्हंजी किती वाढली! कॉलेजं आली, होस्टेलं आली, कंपनीतली पोरं आली, सोसायट्यांवर सोसायट्या. माणसं आली पर पानी कुठनं येनार? नळ न्हाई. मग टँकर. आमच्या गावातले तात्या, जुने जमीनवाले, त्यांच्या इहिरीला पानी चांगलं, त्यांनी एक टँकर घेतला, मग दुसरा, मग अशी रांगच उभी राहिली. आन पहिल्या टँकरवर ड्रायव्हर कोन, तर मी. भानुदास. तात्याच म्हनायचे, भान्या हाय म्हनून माझा धंदा हाय. माणूस वाईट न्हाई बरं का ते. आमची मंडळी, सुरेखा, बाळंतपनात अडली व्हती तवा तात्यांनी स्वतःची गाडी काढली, सोता चालवत दवाखान्यात नेली, आन मी तिकडं नगर रोडच्या ट्रॅफिकमधी टँकर घेऊन अडकलेलो. ते मी कधी इसरनार न्हाई. ती जी पोरगी झाली ना त्या दिवशी, तीच ही ऋतुजा. तिच्यावर लिहायलाच तर तुमी आलाय.

आता ही पोरगी औंदाच अठराची पुरी झाली. कॉमर्सला हाय. आन काय सांगू तुम्हाला, मतदानाचं तिला येवढं वेड की सांगता सोय न्हाई. पोरी वाढदिवसाला ड्रेस मागत्यात, मोबाईल मागत्यात, हिनं काय करावं, माझं नाव मतदार यादीत घालायचंय, चला, म्हनून मला सुट्टी काढाय लावली. आमच्याकडं पुण्याच्या महापालिकेची निवडणूक किती वर्षं झालीच नव्हती, आन आमचं गाव तर पालिकेत नवंच गेल्यालं, त्यामुळं समद्यांच्याच अंगात आलं व्हतं. झेंडे, गाड्या, भोंगे, रोज जेवणावळी. आन तात्या उभे राहिले. मग काय, आमी टँकरवाले समदे प्रचाराला. टँकरच्या मागं तात्यांचा फोटो, हात जोडल्याला, मी पानी सोडायला खाली उतरलो की तात्या माझ्याकडं बघून हसायचे.

एक दिस तात्यांच्या ओट्यावर बसलो व्हतो, चहा चालू व्हता, आन कुनीतरी म्हनलं की ह्या टायमाला नवी मतं लई झाल्यात, कॉलेजची पोरं. तसे तात्या म्हनले, ह्या अठरा वर्षांच्या पोरांना मत द्यायलाच नको व्हतं. त्यांना काय कळतंय? मोबाईलमधी जे दिसंल त्याच्यामागं पळनार. पंचवीस केलं पायजे, लग्न झालं, संसार पडला, की मग माणूस इचार करून मत देतो. समद्यांनी माना डोलावल्या. मी बी डोलावली. खरंच वाटलं मला ते. मी रोज होस्टेलवर पानी द्यायला जातो, दुपारी बारा वाजता पोरं डोळे चोळत ब्रश करत असत्यात, मला म्हंत्यात काका लवकर सोडा ना, आंघोळ राहिलीय. आता ही पोरं निवडनार नगरसेवक!

घरी आलो आन जेवताना म्हनलं मी हे. झालं! ऋतुजानं घास खाली ठेवला. म्हनली, पप्पा, तुम्ही पहिल्यांदा टँकर चालवला तेव्हा केवढे होतात? मी म्हनलं, असंन इशीचा. मग ट्रॅक्टर? मी म्हनलं, त्याच्या बी लई आदी. ती म्हनली, बघा, भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आणायची अक्कल पंचविशीच्या आधी येते, आणि बटण दाबायची येत नाही? मला अठराव्या वर्षी नोकरी करता येते, केस झाली तर जेलमध्ये जाता येतं, टॅक्स भरता येतो, फक्त माझ्या वॉर्डात कोण असावं हे मला कळत नाही, सीरियसली? तवर सुरेखा भाकरी थापता थापता, पाठ आमच्याकडं, म्हनली, मला अठराव्या वर्षी तुमच्या गळ्यात बांधली तवा कुनी म्हनलं न्हाई हिला अजून कळत न्हाई म्हनून. मी परत भाजी वाढून घेतली.

मग तात्यांनीच मला एक दिस बाजूला घेतलं. म्हनले, भान्या, तुझी पोरगी कॉलेजात हाय, तिच्या मैतरनी घेऊन ये सभेला, तरुण मंडळी दिसली पायजेत पुढं. शेजारच्या सोसायटीच्या मैदानावर सभा व्हती, रविवारी सकाळची. मला लई भारी वाटलं. पोरीला इचारलं, ती म्हनली येते की, नक्की येते. आन आली, चांगल्या दहा-पंधरा पोरी-पोरं घेऊन, पहिल्याच रांगेत बसली. तात्या खूश. मी मागं टँकरच्या टायमाचा शर्ट सोडून इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

तात्यांचं भाषन झालं. रस्ता करू, लाइटी करू, बाग करू, समदं झालं. मग निवेदकानं आपलं सवयीनं म्हनलं, कुनाला काय इचारायचं आसंल तर इचारा. कोन इचारतंय वो? आमच्याकडं तसं म्हंत्यात आन लगेच आभार मानत्यात. तर ही उठली. सरळ पुढं गेली आन माईक मागितला. निवेदकानं तात्यांकडं बघितलं, तात्या हसून म्हनले, दे दे, आपलीच पोरगी हाय.

ती म्हनली, नमस्कार तात्या. तुम्ही रस्त्याचं बोललात, बागेचं बोललात, पाण्याचं नाही बोललात. आमच्या वाघोलीत नळाचं पाणी कधी येणार? आणि दुसरं, तुमचे टँकर आहेत. नळ आला तर टँकर बंद पडतील. मग तुम्ही नळासाठी भांडाल का? माझे पप्पा तुमच्याच टँकरवर ड्रायव्हर आहेत, आमचं घर त्यावर चालतं, माझी फी त्यातून जाते, हे मला माहीत आहे. तरी विचारते.

ताई, मला वाटलं जमीन फाटावी. आन मग मागनं, सोसायटीच्या बायका बसल्या व्हत्या ना, त्यातनं एकीनं टाळी वाजवली, मग दुसरीनं, मग ती पोरं उठली, आन येवढा टाळ्यांचा कडकडाट! माणसं मोबाईल वर धरून उभी. मला भ्या वाटतंय आन अंगावर काटा बी येतोय, दोन्ही एकदम. तात्यांच्या तोंडावरचं हसू गेलं, मग परत आलं. म्हनले, आनीन. नळ आनीन. टँकर मोडीत काढावे लागले तर काढीन. आता येवढ्या मोबाईलसमोर दुसरं काय म्हननार माणूस?

घरी येताना मी गाडीवर पुढं, ती मागं, आन मी असा पेटलेलो! दारात आल्यावर म्हनलं, इचारायचं व्हतं तर आदी घरात बोलायचं व्हतंस, बापाची भाकर हाय ती. म्हनूनच म्हंत्यात तुमाला मत द्यायला नको. ती रडली न्हाई. म्हनली, पप्पा, आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग मला तुमचं ऐकावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. आणि एक सांगा, आम्हाला मत द्यायला नको, की बोलायला नको? मी तसाच भाईर निघून गेलो. सुरेखा त्या दिवशी नुसतं एकामागं एक भांडं घासत व्हती, घासल्यालंच घासत व्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा निरोप आला, टँकरची चावी घेऊन ये. गेलो. ओट्यावर नेहमीचीच मंडळी बसलेली. तात्या माझ्याकडं बघेनात. एक जन म्हनला, भानुदास, पोरीला आवर, ह्या वयात अक्कल नसती. आन ताई, मला काय झालं मला ठावं न्हाई. रातभर मी पोरीवर चिडल्यालो व्हतो, तिथं गेल्यावर बी तात्यांची माफी मागायची म्हनून गेल्यालो. आन तोंडातनं भलतंच निघालं. मी म्हनलं, काल मैदानावर आपन समदे मोठे बसलो व्हतो. लग्न झाल्याले, संसारवाले, नातवंडंवाले. पानी न्हाई हे समद्यांना ठावं. मी तर रोज तेच पानी वाहतो, मला न्हाई ठावं तर कुनाला? एकानं तरी इचारलं का? इचारलं कुनी, तर जिला अक्कल न्हाई तिनं. मग अक्कल ती कशाला म्हनायची, ते तरी सांगा मला. मी चावी टेबलावर ठेवली, तात्यांच्या पाया पडलो, कारन ते दवाखान्याचं मी इसरलो नव्हतो, आन चालत घरी आलो. येताना छाती अशी हलकी झाली व्हती, जशी टाकी रिकामी झाल्यावर गाडी हलकी पळती ना, तशी.

घरात धंदा न्हाई, काम न्हाई, तरी मतदानाच्या दिवशी आमच्या घरात दिवाळी! पोरगी पहाटेच उठून तयार. चहा बी घेईना, म्हनली येऊन घेते. शाळेत केंद्र व्हतं, रांग गेटाच्या भाईर. आमच्याकडं एका वॉर्डातनं चार नगरसेवक, म्हनून एका माणसाला चार-चार मतं द्यायची व्हती, म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडाल्याला, ही रांगेतल्या एकेका आजीला समजावून सांगतीया, आजी, चार वेळा बटण, शेवटी मोठा आवाज आला की झालं. कुनाला द्या ते मात्र बोलली न्हाई, तेवढी पक्की. तिची एक मैत्रीण आली व्हती, तिचं नाव तिकडं गावाकडं बीडला, तिला हितं मत न्हाई, तर ती बिचारी नुसती सोबत म्हनून रांगेत उभी. आन ऋतुजा आत गेली, भाईर आली, बोटाची शाई वर धरून अशी उड्या मारत आली, लहानपनी रांगोळीचं बक्षीस मिळालं तवा आल्ती तशी. माझा नंबर आला. माझं मत आजपर्यंत तात्या सांगतील तिकडं, आन तात्यांच्या आदी माझा बाप सांगंल तिकडं. त्या दिवशी मी यंत्रासमोर उभा राह्यलो आन पहिल्यांदा वाटलं की हितं मी एकटाच हाय. कुनाला दिलं ते इचारू नका, सुरेखाला बी सांगितलं न्हाई, आन तिनं बी मला न्हाई सांगितलं. त्याचीच तिला लई मजा वाटती.

आता तुमाला वाटंल तात्या पडले. न्हाई! तात्या आले निवडून, पर धापा टाकत आले. सोसायट्यांची आन पोरांची मतं त्यांना गेली न्हाईत म्हंत्यात. आन मजा अशी, सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम सभेला व्हत्या, त्यांनी माझी चौकशी केली, त्यांच्या वळखीनं मला एका कॉलेजच्या बसवर काम लागलं. आता मी पान्याऐवजी पोरं वाहतो. विश्रांतवाडीपास्नं भरत भरत आनायची. लई गोंगाट करत्यात, पर गोंगाट आवडाय लागलाय मला. तिकडं ही पोरगी आन तिची टोळी दर सोमवारी तात्यांच्या ऑफिसात जाऊन बसत्यात, तो सभेचा व्हिडिओ दाखवत्यात, नळाचं काय झालं इचारत्यात.

परवा एका लग्नात तात्या भेटले. मी बाजूला सरकत व्हतो, त्यांनीच हाक मारली. म्हनले, भान्या, पोरीनं माझं जिनं हराम केलंय. मी म्हनलं, व्हय तात्या, घरात बी तेच हाय. हसले. मग हळूच म्हनले, एकवीस झाली की निवडणुकीला उभं राहता येतं, तवा सांग मला. आपल्या बाजूनं उभी करू तिला. पंचवीस म्हननारा माणूस हो हा! मी म्हनलं, तात्या, ते माझ्याकडं नका मागू. तिचं तिला इचारा.

पानी अजून आलं न्हाई ताई. आमच्या गल्लीत चर खांदून ठिवलाय, निळे पाइप येऊन पडल्यात, सुरेखा त्यांच्यावरच गोधड्या वाळत घालती, रोज म्हनती, निदान येवढा तरी उपेग झाला. कधी जोडतील ते जोडतील. येईल, न्हाई येनार असं मला वाटत न्हाई. बसमधी पोरं भांडत्यात, हा नेता चांगला का तो, एकमेकांच्या अंगावर जात्यात, आन मी आरशातनं बघत गाडी चालवतो. एक जन परवा मला म्हनला, काका, आम्ही फार त्रास देतो का? मी म्हनलं, द्या बाळांनो, लई द्या. तुमचं समद्यांचं भलं होवो. फकस्त खाली बसून भांडा, पुढं स्पीडब्रेकर हाय.